कॅरोलिनाच्या पाणथळींतील पक्षी आणि वनस्पति



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय किनाऱ्यावर उत्तर कॅरोलिना व दक्षिण कॅरोलिना अशीं दोन संस्थानें आहेत. अटलांटिक महासागर आणि आंतला डोंगराळ मुलूख यांच्या मधल्या सपाट पट्टींत नद्या संथपणें वाहतात, जमीन वालुकामय असूनहि पाणी वर उभें राहतें, आणि मैलचे मैल दलदली, पाण्यांतलीं वनें व ओलीं माळरानें आढळतात. या प्रदेशांत पूर्वीं एक लहानसा गाणारा पक्षी राहत असे. तो आतां पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नाहीं. याच प्रदेशांत एक वनस्पति राहते. ती अद्याप आहे, परंतु तिची मूळची जागा पूर्वींच्या मानानें फारच आकुंचित झाली आहे. एकाचा निकाल लागून गेला. दुसरीचा खटला अजून चालू आहे. या दोघांची शेजारीं शेजारीं ठेवून तुलना केली, तर एखादी जीवजाति नाहींशी होते म्हणजे काय होतें, आणि ती वांचविणें म्हणजे नेमकें काय वांचविणें, या प्रश्नाचा बराच उलगडा होण्यासारखा आहे.

प्रथम पक्ष्याची हकीकत पाहूं. त्याचें नांव बॅकमनचा वटवट्या. आपल्याकडे झुडपांतून सारखे चिवचिवणारे जे लहान चपळ पक्षी, त्यांस वटवट्या म्हणतात. अमेरिकेंतील हे पक्षी त्यांचे जवळचे आप्त नव्हेत. तथापि इंग्रजींत दोहोंस एकच शब्द आहे आणि अंगाची ठेवणहि सारखी आहे, म्हणून तेंच नांव येथें चालवून घेण्यास हरकत नाहीं. या पक्ष्याची लांबी अवघी सव्वाचार इंच. पाठ शेवाळी हिरवी, तोंड व पोट पिवळें, नराच्या माथ्यावर व गळ्याखालीं काळा रंग, आणि चोंच बारीक, टोंकाकडे किंचित् वांकलेली. चार्ल्स्टन शहरांतील जॉन बॅकमन नांवाच्या एका ल्यूथरपंथी धर्मोपदेशकास तो १८३२ मध्यें प्रथम आढळला. त्यानें त्याचे नमुने आपला मित्र, सुप्रसिद्ध पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन, याच्या हवालीं केले. ऑड्युबननें १८३३ मध्यें पक्ष्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्यास मित्राचें नांव दिलें. विशेष हें कीं, ज्या पक्ष्याचें चित्र ऑड्युबननें जगापुढें मांडलें, तो पक्षी त्यानें स्वतः जिवंत असा कधींहि पाहिला नाहीं.

त्यानंतर अमेरिकेंत सुमारें पन्नास वर्षें हा पक्षी जणुं गुप्तच झाला होता. १८८६ मध्यें लुइझियाना संस्थानांतील पाँचरट्रेन सरोवराच्या कांठीं तो पुन्हां सांपडला. पण सांपडला तो एका शिकाऱ्याच्या हातीं. त्या काळीं स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें व सबंध पक्षीहि खोंवण्याची तऱ्हा होती, आणि चार्ल्स गॅलब्रेथ हा गृहस्थ त्या व्यापारासाठीं पक्षी मारून पुरवीत असे. १८८८ पर्यंतच्या तीन हंगामांत त्यानें हे ३८ वटवटे मारले. पुढें १८९७ मध्यें ऑटो विडमन या निरीक्षकास मिसुरी संस्थानांत या पक्ष्याचें घरटें प्रथमच आढळलें, आणि १९०१ मध्यें आर्थर वेन यानें चार्ल्स्टनजवळच्या आयॉन नांवाच्या दलदलींत त्याची वस्ती शोधून काढली. घरटें जमिनीपासून हात दोन हात उंचीवर, वेत, झुडपें व कांटेरी वेली यांच्या गर्दींत असे, आणि त्यांत पांढरींशुभ्र अंडीं असत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच पक्षी दिसेनासा होऊं लागला. १९५० नंतरच्या दशकांत एकटेदुकटे नर गातांना आढळले, आणि त्या काळीं त्या गाण्याचें ध्वनिमुद्रणहि झालें. तें गाणें म्हणजे एकाच सुरांत झरझर काढलेली, कांहींशी कीटकाच्या किरकिरीसारखी एक आंखूड लकेर होय. नर गातो तो मादीस बोलावण्यासाठीं. मादी जवळपास नसली तरी तो गातच राहतो. एखादी जाति संपते ती शेवटचा जीव मरतो तेव्हांच असें नाहीं. नर व मादी यांची गांठ पडेनाशी होते, त्या वेळींच तिचा शेवट ठरलेला असतो. १९६७ मध्यें संयुक्त संस्थानांच्या सरकारनें संकटग्रस्त प्राण्यांची जी पहिली यादी केली, तींत या पक्ष्याचें नांव होतें. यादींत तें छपन्न वर्षें राहिलें. अखेर २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत, आणखी वीस जीवजातींबरोबर, तो नामशेष झाला असें ठरवून तें यादींतून काढण्यांत आलें.

असें कां झालें? पहिलें कारण उघड आहे. नदीकांठचीं पाण्यांतलीं वनें तोडलीं गेलीं, चर खणून दलदलींतलें पाणी काढून देण्यांत आलें, आणि त्या सुपीक जमिनींवर शेती उभी राहिली. दुसरें कारण समुद्रापलीकडचें आहे. हा पक्षी हिंवाळ्यांत क्यूबा बेटांत जाऊन राहत असे, आणि तेथलीं सखल भागांतलीं रानें उंसाच्या लागवडीसाठीं तोडलीं गेलीं. तिसरें कारण विशेष विचार करण्यासारखें आहे. १९८६ मध्यें रेमसन या पक्षिशास्त्रज्ञानें असें अनुमान मांडलें कीं, हा पक्षी मुख्यतः अमेरिकेच्या रानबांबूच्या बेटांवर अवलंबून असावा. आपल्याकडील कळकाशीं नातें सांगणारा हा बारीक बांबू एके काळीं दक्षिणेकडील नद्यांच्या कांठीं दाट माजलेला असे. तीं बेटें पुरानें, वादळानें आणि मधूनमधून लागणाऱ्या आगीनें मोकळ्या झालेल्या जागीं वाढत. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ती जमीन नांगराखालीं आणली, गुरांनीं कोंवळे कोंब खाऊन टाकले, आणि आगी बंद झाल्यावर उरलेल्या ठिकाणीं इतर झाडी माजली. बांबूचीं मोठीं बेटें गेलीं, आणि हें अनुमान खरें असेल तर त्यांच्याबरोबर त्यांतला पाहुणाहि गेला.

आतां वनस्पतीकडे वळूं. तिचें इंग्रजी नांव व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे व्हीनस देवतेचा माशा धरण्याचा सांपळा. उत्तर कॅरोलिनाचा त्या वेळचा ब्रिटिश गव्हर्नर आर्थर डॉब्स यानें १७५९ मध्यें विलायतेस धाडलेल्या एका पत्रांत तिचा उल्लेख केला. १७६८ मध्यें जॉन एलिस यानें तिला शास्त्रीय नांव दिलें. सजीव सृष्टीच्या उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या चार्ल्स डार्विननें १८७५ मध्यें कीटकभक्षक वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत तिचा सविस्तर विचार केला असून, जगांतील अत्यंत आश्चर्यकारक वनस्पतींत तिची गणना केली आहे.

हें आश्चर्य कशांत आहे तें पाहावें. वनस्पति जमिनीस बिलगून वाढते. सबंध झाड ओंजळींत मावेल एवढेंच. प्रत्येक पानाच्या टोंकाशीं पुस्तकाच्या दोन उघड्या पानांप्रमाणें दोन पाळीं असतात व त्यांच्या कडांस दांत्यांसारखे ताठ केस असतात. प्रत्येक पाळ्याच्या आंतल्या बाजूस बहुधा तीन बारीक संवेदनशील केस असतात. त्यांतील एखाद्यास एकदांच धक्का लागला तर कांहीं होत नाहीं. कारण तो पावसाचा थेंब किंवा उडून आलेली काडीहि असूं शकेल. परंतु सुमारें वीस सेकंदांच्या आंत दुसरा धक्का लागला, कीं दोन्ही पाळीं निमिषार्धांत मिटतात. आंतला किडा धडपडूं लागला व केसांस आणखी धक्के बसले, म्हणजे पाचक रस सुटूं लागतात. आठपंधरा दिवसांनीं पान उघडतें, तेव्हां किड्याचें नुसतें कवच उरलेलें असतें.

अशी मांसाहारी वृत्ति वनस्पतींत कां यावी? याचें कारण जमिनींत आहे. त्या ओल्या, वालुकामय आणि आम्ल मातींत नायट्रोजन व फॉस्फरस हीं द्रव्यें अत्यल्प असतात. फ्लायट्रॅप इतर झाडांप्रमाणेंच सूर्यप्रकाशाच्या साह्यानें आपलें अन्न तयार करते. किडा हें तिचें अन्न नसून खत आहे. जमीन जें देत नाहीं, तें ती हवेंतून धरून घेते. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा प्रकार अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यांत जांभ्या दगडावर पाणी सांचतें व तशाच निःसत्त्व मातींत दवबिंदु या नांवानें ओळखली जाणारी इवलीशी वनस्पति उगवते. तिच्या पानांवरील चिकट थेंबांना किडे चिकटतात. ही दवबिंदु आणि कॅरोलिनाची फ्लायट्रॅप या एकाच कुळांतल्या आहेत. फरक इतकाच कीं, दवबिंदूच्या जातिबांधव जगभर पसरलेल्या आहेत, तर फ्लायट्रॅप ही आपल्या प्रकारची एकटीच असून, विल्मिंग्टन शहराभोंवतीं सुमारें शंभर मैलांच्या टापूबाहेर ती मूळची कोठेंच आढळत नाहीं.

तिच्या निवासाचेंहि एक वैशिष्ट्य आहे. लांब सुयांच्या पाइन वृक्षांचीं विरळ वनें आणि दलदलीचीं दाट झुडपें यांच्या मधल्या ओल्या पट्टींत ती राहते. तेथें दर कांहीं वर्षांनीं वणवा लागला पाहिजे. वणव्यांत वरचें गवत व झुडपें जळून जातात. पाइनचे वृक्ष जाड सालीमुळें वांचतात, आणि फ्लायट्रॅपचा कंद जमिनींत सुरक्षित राहून पुन्हां नवीं पानें फोडतो. वणवा नसला तर चारसहा वर्षांतच झुडपें वर चढतात, सांवली पडते, आणि ही बुटकी वनस्पति गुदमरून जाते. पूर्वीं विजा पडून असे वणवे लागत, आणि तेथील मूळचे रहिवासीहि मुद्दाम आगी लावीत. विसाव्या शतकांत सरकारनें वणवे विझविण्याचें धोरण कसोशीनें अंमलांत आणलें. हेतु चांगला होता. परिणाम विपरीत झाला. लांब सुयांच्या पाइनचीं वनें एके काळीं व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंत सुमारें ९ कोटी एकरांवर पसरलेलीं होतीं. तोड, शेती, नवी लागवड आणि वणव्यांचा अभाव यांमुळें तीं विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारें ३० लाख एकरांवर आलीं.

येथवर पक्षी व वनस्पति यांचें साम्यच दिसून येतें. दोघांचीं घरें पाणथळ, आणि दोघांचींहि घरें चर खणून सुकविलीं गेलीं. एकाला बांबूची गर्दी हवी, दुसरीला मोकळें ऊन हवें; तरी दोन्ही गोष्टी ज्या निसर्गक्रमावर अवलंबून होत्या त्यांत आगीला स्थान होतें. दोघांनाहि हौशी माणसांचा उपद्रव झाला. पक्षी टोप्यांसाठीं आणि संग्रहासाठीं मारले गेले. फ्लायट्रॅप कुंड्यांत ठेवण्यासाठीं रानांतून उपटून नेण्यांत आली. ही चोरी इतकी वाढली कीं, उत्तर कॅरोलिनांत १ डिसेंबर २०१४ पासून ती मोठ्या शिक्षेस पात्र असा गंभीर गुन्हा ठरविण्यांत आली.

परंतु वैषम्यहि तितकेंच महत्त्वाचें आहे. पक्ष्याला दोन घरें होतीं, आणि दोहोंच्या मध्यें समुद्र होता. कॅरोलिनाची दलदल सुरक्षित राहिली असती तरी क्यूबांतलें रान गेल्यावर त्याचा निभाव लागणें कठीण होतें. उडण्याची शक्ति हें संकटांतून सुटण्याचें साधन आहे असें आपणांस वाटतें. या पक्ष्याच्या बाबतींत तिच्यामुळें संकटें दुप्पट झालीं. वनस्पतीला एकच घर आहे. तेवढें सांभाळलें तर काम भागतें. शिवाय पक्ष्याची अंडीं पेटींत घालून ठेवतां येत नाहींत. फ्लायट्रॅपचें बीं सांठवितां येतें, पानाच्या तुकड्यापासून नवें रोप करतां येतें, आणि प्रयोगशाळेंतल्या बाटलींतहि तिचीं रोपें वाढवितां येतात. आज जगांतील अनेक शहरांच्या रोपवाटिकांत ती विकत मिळते. मग तिची काळजी करण्याचें कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो प्रश्न वाजवी आहे.

त्याचें उत्तर ऑड्युबनच्या त्या जुन्या चित्रांतच आहे. बॅकमनच्या वटवट्याची जोडी त्यांत एका फांदीवर बसलेली दाखविली आहे. ती फांदी व तिचीं मोठीं पांढरीं फुलें बॅकमनची मेहुणी मारिया मार्टिन हिनें रंगविलेलीं आहेत. तें झाड फ्रँक्लिनिया होय. जॉन बार्ट्रम व त्यांचा पुत्र विल्यम यांना तें १७६५ मध्यें जॉर्जिया प्रांतांत आल्टमहा नदीच्या कांठीं आढळलें. पुढें विल्यमनें तेथून बीं आणून फिलाडेल्फियाच्या बागेंत झाडें वाढविलीं, आणि बेंजामिन फ्रँक्लिन याचें नांव त्यांस देण्यांत आलें. १८०३ नंतर रानांत तें झाड कोणास दिसलें नाहीं. आज जगांत जेवढीं फ्रँक्लिनियाचीं झाडें आहेत, तीं सर्व बार्ट्रमच्या बागेंतील झाडांचीच संतति आहेत. म्हणजे चित्र रंगविलें गेलें तेव्हांच त्यांतलें फूल रानांतून गेलेलें होतें, आणि पुढें त्यांतला पक्षीहि गेला. फूल बागेंत उरलें; पक्षी कागदावर, ध्वनिमुद्रिकेंत आणि पदार्थसंग्रहालयांच्या खणांत उरला.

बीं जपून ठेवण्याची किंमत या उदाहरणावरून कळते. बार्ट्रम पितापुत्र नसते तर फ्रँक्लिनिया आज मुळींच नसती. पण त्याच उदाहरणावरून बागेची मर्यादाहि कळते. दोनशेंहून अधिक वर्षें हें झाड माणसाच्या हातून पाणी पीत आहे. मूळ रानांत त्याच्या फुलांवर कोण येत होतें, त्याचें बीं कोणत्या पुरांत वाहून कोठें रुजत होतें, हें विचारण्यास आतां ठिकाणच राहिलेलें नाहीं. जीव वांचला, त्याचा संसार गेला.

फ्लायट्रॅपचा संसार अद्याप शाबूत आहे, आणि तो किती गुंतागुंतीचा आहे याचा शोध अगदीं अलीकडे लागत आहे. या वनस्पतीचें फूल उंच दांड्यावर येतें, आणि सांपळे खालीं जमिनीशीं असतात. परागसिंचन करणाऱ्या कीटकांनाच ती खाऊन टाकते कीं काय, हा प्रश्न अडीचशें वर्षें अनुत्तरित होता. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें कीं, फुलांवर मुख्यतः लहान जातीच्या मधमाश्या व भुंगेरे येतात, आणि त्यांतले बहुतेक सांपळ्यांत सांपडत नाहींत. सांपळ्यांत सांपडतात ते मुख्यतः कोळी, मुंग्या व सरपटणारे किडे. पाहुण्याला वरच्या मजल्यावर मान, आणि भक्ष्याला तळमजल्यावर फास, अशी ही व्यवस्था आहे. खिडकींतल्या कुंडींत वाढणाऱ्या फ्लायट्रॅपपाशीं यांतलें कांहींहि नसतें. तेथें मधमाशी येत नाहीं आणि वणवाहि लागत नाहीं. कुंडीवरून ही गोष्ट कोणास कधींच कळली नसती.

आतां एक गोष्ट वरवर पाहतां चमत्कारिक वाटेल. पक्ष्याचें नांव १९६७ पासून सरकारी यादींत होतें. तरी तो गेला. फ्लायट्रॅपचें नांव यादींत घालावें असा अर्ज २०१६ मध्यें शास्त्रज्ञांनीं व निसर्गप्रेमी संस्थांनीं केला होता. पूर्ण चौकशीअंतीं २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्यानें ठरविलें कीं, तिला अशा संरक्षणाची तूर्त जरुरी नाहीं, कारण तिच्या बऱ्याच मोठ्या वस्त्या संरक्षित जमिनींवर असून त्यांची निगा राखली जात आहे. ही निगा म्हणजे काय? ग्रीन स्वॉम्प नांवाच्या राखीव पाणथळींत आणि आसपासच्या इतर संरक्षित जमिनींवर, जाणती माणसें वारा व ओल पाहून, ठराविक वर्षांनीं मुद्दाम आग लावतात आणि ती आटोक्यांत ठेवतात. यादींतलें नांव वांचलें नाहीं. आणि यादींत नसलेली वनस्पति आज तगून आहे, ती या कामामुळें.

याचा अर्थ यादी निरुपयोगी आहे असा मुळींच नव्हे. पक्ष्याचें नांव यादींत आलें तेव्हां त्याचें घर बहुतेक संपलेलें होतें. उशिरां आलेला वैद्य निरुपयोगी ठरला म्हणून वैद्यकशास्त्र खोटें ठरत नाहीं. आणि वनस्पतीविषयींहि निश्चिंत राहण्यासारखी स्थिति नाहीं. किनाऱ्यालगतचीं शहरें झपाट्यानें वाढत आहेत. राखीव रानाच्या कुंपणाशीं नवी घरें उभीं राहिलीं, म्हणजे तेथें आग लावणें अवघड होतें. धूर रस्त्यावर येतो, रहिवासी घाबरतात, तक्रारी होतात. एक वर्ष आग पुढें ढकलली जाते, मग दुसरें वर्ष, आणि झुडपें मुकाट्यानें वर चढत राहतात. कोणी कुऱ्हाड चालविली नाहीं, कोणी कंद उपटला नाहीं, तरी दहा वर्षांनीं तेथें फ्लायट्रॅप नसते. असा नाश कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं, हेंच त्यांतलें भय आहे.

म्हणून एखाद्या दुर्मिळ जीवाविषयीं ऐकलें म्हणजे त्यांतले किती उरले, हा प्रश्न आपण प्रथम विचारतों. तो विचारावाच, पण त्याच्या जोडीनें दुसराहि विचारला पाहिजे. त्याच्या घराची व्यवस्था कोण पाहतो, आणि हें काम पुढच्या वर्षीं चालू राहील कीं नाहीं? आयॉनच्या दलदलींत आर्थर वेन पक्ष्याचीं घरटीं पाहत हिंडत होता, त्या काळीं पक्षीहि होता आणि बांबूहि होता. दुसरा प्रश्न विचारण्यास पुरेसा अवधि होता. तो कोणी विचारला नाहीं. ग्रीन स्वॉम्पमधील लोक तो प्रश्न दर हंगामांत विचारतात, आणि त्याचें उत्तर हातांत मशाल घेऊन देतात. जोंपर्यंत हें चालू आहे तोंपर्यंत कॅरोलिनाच्या ओल्या माळावर तीं छोटीं पाळीं उघडत राहतील, आणि त्यांच्या वर उंच दांड्यावरचीं पांढरीं फुलें मधमाश्यांसाठीं मोकळीं राहतील.